तनुजाला विचारलंच नाही

हॅलो?… हो, स्वरूपाताईच बोलतेय… तनुजा! अगं, मीच लावणार होते तुला फोन… हो… हो, ओरड. ओरड तू.

…नाही, कालच्या प्रार्थनेत नाव नव्हतं घेतलं मी… हो, कळलंच सगळ्यांना. ‘प्रभू, आमच्या बिल्डिंगमधली जी बहीण सासूला कुलपात ठेवून शिफ्टला जाते, तिचं मन मऊ कर.’ अशी दुसरी आहेच कोण इथं?… आणि तू समोरच, चटईवर.

…लाज वाटतेय गं. कालपासून घास उतरला नाही… उपास नाही, तनुजा! मार टोमणा, मार.

…काय? तुझ्या सासूबाई कुठं गेल्या होत्या?… स्पाइन रोडवर? गाऊनवर?… ट्रकांच्या मधून? अरे देवा… नाताळच्या आधी? मग मला कसं नाही… बरोबर. मी विचारलंच कुठं.

…त्याच म्हणतात, कुलूप लावून जा?… आणि दुसरी किल्ली रुपालीकडं? ती जाऊन बघते मधून मधून?… पण रुपाली तर काल माझ्याशेजारी बसून ‘आमेन’ म्हणाली!… हो ना. चालू प्रार्थनेत मध्येच कोण बोलणार. तुलाही नाही बोलता आलं.

…अगं ऐक ना. सकाळी पाळकसाहेबांकडं गेले होते… तक्रार नाही गं! म्हणजे… खोटं कशाला सांगू, ते माझी बाजू घेतील म्हणूनच गेले. म्हटलं, शेजाऱ्याचा दोष दाखवावा असं शास्त्रातच आहे ना? तर म्हणाले, हिब्रूत तिथं ‘होखीआख’ असा शब्द आहे… होखीआख… शिवी नाही गं! दोष दाखवणं. पण वाद घालणं, बाजू मांडणं, तेही त्यातच येतं. देव लोकांना म्हणतो ना, या, समोरासमोर बोलून काय ते ठरवू, तिथंही तेच क्रियापद. म्हणजे ज्याला बोलायचं त्याला समोर बसवायचं, आणि त्याचंही ऐकायचं. मग मला विचारलं, ‘तनुजाबाई काय म्हणाल्या?’… मी? खाली मान घालून चपला शोधत बसले.

…तोंडावर का नाही बोलले? अगं, रोज पहाटे शब्द देते मी देवाला, आज कुणाला टोचून बोलणार नाही. तो मोडू नये म्हणून तुझ्याशी बोललेच नाही… आणि सगळ्यांसमोर टोचलं. तेही डोळे मिटून… हो. भित्रीच म्हण.

…मी तुझ्यासाठी प्रार्थना… नाही, नाही! नाही करत! तोंडातून गेलं गं!

…मग काय करू, सांग… फोनवर माफी नको?… काल ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोर? सगळ्यांच्या? पुढच्या शुक्रवारी सभेत… आत्ता?… कुठं, भाजीच्या टेम्पोपाशी? मृदुला, रुपाली, सगळ्या आहेत?… अगं, तिथं काय बोलू मी… फक्त विचारायचं? कुलूप का लावतेस ते? आणि तू सांगणार… त्यांना ऐकू जाईल असं… माझा आवाजच निघत नाही गं मोठ्यानं…

…तुझी बस कितीला?… मग थांब. जाऊ नकोस. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं उतरते… हो, मोठ्यानं विचारते. ठेव तू.