खिडकीला बांधलेली झापं

लढाई संपली तरी मी खिडकीवरचं प्लास्टिक काढलं नाही, काय सांगू तुम्हाला, एवढी अक्कल गाठीला बांधून मी परदेशात गेले होते. मी रत्नागिरीकडची, खाडीकाठची. पावसाआधी पडवीला झावळ्यांची विणलेली झापं बांधायची हे आमच्याकडे चालायला लागलेलं पोरही जाणतं. लग्न होऊन सौदीत अबकैकला आले, हे तेलाच्या प्लांटवर फिटर, पोरगी नसीम नुकती बोलायला लागलेली.

मग कुवेतच्या लढाईचे ते दिवस आले. विषारी वायूचा बॉम्ब पडेल, कंपनीवाले म्हणाले, एक खोली बंद करून घ्या, खिडकीला प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी लावा, दाराखाली ओला टॉवेल ठेवा. मी हुशार बाई, अशी खोली बंद केली की मुंगीलाही आत यायला इकामा, तिकडचा राहायचा परवाना, लागला असता. भोंगा वाजला की नसीमला पोटाशी धरून बसायचं, टॉवेल सुकला की परत भिजवायचा, आणि वर छपरावरच्या टाकीचं पाणी गळून भिंतीत मुरतेय, तिकडे कोण बघतंय.

लढाई थांबली. हे म्हणाले, खलास झालं, काढ आता. मी म्हटलं, भोंगा परत वाजला तर तुम्ही प्लांटवर, मी एकटी काय करू. तेवढ्यात कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आला, नसीम खोकायला लागली, मी म्हटलं बघा, धूर, आणि पट्टीवर आणखी पट्टी मारली. खोलीत कुबट वास यायचा, त्यावर ताइफचं गुलाबपाणी शिंपडायची, म्हणजे बुरशीलाही अत्तर. पोरीच्या छातीत मांजर गुरगुरल्यासारखं वाजायचं, ओठ निळे पडले तेव्हा उचलून दवाखान्यात पळालो. साताऱ्याकडच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी धुराचं विचारलंच नाही, घरात ओल आहे का म्हणाल्या. घरी येऊन ह्यांनी कपाट सरकवलं, तर मागची भिंत काळी, केसाळ, जणू शेळीची पाठ.

प्लास्टिक फाडलं, घर बदललं, पण दमा राहिलाच. नसीम आता दोन लेकरांची आई, पर्समध्ये पंप. माझ्याही उशाशी एक आहे. ती खोकली की अजून मी हातातलं काम सोडून ऐकत बसते, पुढचा श्वास येईपर्यंत. अल्ला तिला उदंड आयुष्य देवो.

त्या वर्षी सुट्टीत गावी गेलो तेव्हा सासूबाईंना सगळं सांगितलं, वाटलं जवळ घेतील. त्या नसीमची छाती तेलानं चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, झापं बांधायला शिकलीस गं बाय, पाऊस गेल्यावर ती सोडायचीही असतात, ते कोण शिकवणार?