सातव्या नळीचा निळा रंग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्राचार्य आणि पाहुणे मंडळी, सहकारी, विद्यार्थी, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि ज्यांना आज निवृत्तीच्या दिवशी आपण जबरदस्तीने व्यासपीठावर बसवलंय ते आमचे प्रयोगशाळा सहायक, म्हणजे सगळ्यांचे दादा, आपणा सर्वांना नमस्कार. मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सात घेणार, आत्ताच सांगून ठेवते.

दादांनी तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, असं आधीचे वक्ते म्हणाले. धुतल्या, खरंय. पण आम्हाला शिकवलं कोणी, ते सांगायचं राहूनच गेलं. डीएनए आणि आरएनए पाण्यात विरघळवून समोर ठेवले, तर कोणता कोण हे माझ्यासारख्या विभागप्रमुखालाही नुसतं बघून सांगता येणार नाही. डायफिनाइलअमाइन हे रसायन घालून नळी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. निळा रंग आला तर डीएनए. ऑर्सिनॉल घालून तापवा. हिरवा आला तर आरएनए. पुस्तकात एवढंच आहे. ‘आधी नळीमागे पांढरा कागद धर, मग तोंड उघड,’ हे मात्र दादांचं.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी इथेच शेवटच्या वर्षाला होते. प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या वाट्याला सात नंबरची नळी आली. कागद धरला, रंग निळा. डीएनए, असं लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक कोणत्या नळीत काय आहे याची यादी बघून म्हणाले, “सात नंबर आरएनए आहे. नापास.”

“सर, निळा आलाय.”

“यादी चुकत नसते.”

नापास झालीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावून ठेवलेलं. एरवी मी काही कमी तोंडाळ नाही, विचारा कोणालाही. पण त्या दिवशी मी नळी आणि कागद तसाच धरून उभी राहिले.

तेवढ्यात दादा कोपऱ्यातून पुढे आले. “सर, नळ्या मी भरल्यात. सातवी भरताना मला कुणीतरी हाक मारली, मी हातातली बाटली खाली ठेवली. परत उचलली ती दुसरी असणार. नळीत उरलंय ते तपासू या.”

परीक्षक वैतागले. दादा ऐकतात कसले? दोन्ही मूळ बाटल्यांतले नमुने शेजारी ठेवून त्यांनी पुन्हा चाचणी लावली. नळ्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवल्या. सातवी नळी डीएनएच्या नळीइतकीच निळी झाली.

“चूक पोरीची नाही, माझी आहे. लिहून देतो,” दादा म्हणाले. आणि दिलंही लिहून.

मी पास झाले, उड्या मारत घरी गेले. दादांचं पुढे काय झालं, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

परवा या भाषणासाठी त्यांची सेवापुस्तिका मागवली. तो कागद त्यात लावलेला आहे. दादा त्याच महिन्यात नोकरीत कायम होणार होते. त्या कागदापायी ते तीन वर्षं लांबलं. वहिनी, तेव्हा तुमची धाकटी तान्ही होती ना? मला फार लाज वाटली. काल दादांना जाब विचारला, तर म्हणाले, “मग काय, निळ्याला हिरवा म्हणू?”

अध्यक्ष महोदय, घड्याळ दिसतंय मला. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं. एक चूक मात्र पोटात घालू नका. सत्तावीस वर्षं मी या माणसाचे आभार मानले नाहीत.

वहिनी, तुमचे आभार. दादा, हा कागद घ्या. चूक माझी आहे. लिहून आणलंय.