हीटर काचेला हवाय

...नाही, आता तुम्हीच सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? हसलात ना? बघा! मी नुसतं 'गाडीत हीटर बसवला' एवढंच म्हणालो आणि तुम्ही दात काढलेत! तुमचं सोडा हो, कांदिवलीला आमच्या सोसायटीचा वॉचमन, बाराही महिने बनियनवर बसणारा माणूस, तोसुद्धा म्हणतो, "साब, मुंबई में हीटर?" इस्त्रीवाला, कोळसे फुंकता फुंकता, "काका, मुंबईत हीटर?" चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर, त्यांनी तर लिफ्टमध्येच माझी नाडी बघितली! अरे, पण हीटर मला नकोय, काचेला हवाय! किती वेळा सांगू?

थांबा, बसा, उठू नका, नीट सांगतो. मला बसवत नाही, मी उभ्यानेच सांगतो.

आमची गाडी म्हणजे तुमच्यासारखी चार दारांची, पांढरी, नाकासमोर चालणारी नव्हे. विलायती! स्पोर्ट्स कार! लाल, दोन दारांची, वर कापडी टप, बसलं की बूड रस्त्याला घासतंय असं वाटतं. आता मी, सहदेव, गिरणीकामगार गुणाजीचा मुलगा, माझ्याकडे असली गाडी कुठून आली? तर मी फोर्टात एका सॉलिसिटर साहेबांकडे कारकून होतो. साहेब कायमचे मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा म्हणाले, "सहदेव, इतकी वर्षं हिला पुसलीस तू, आता तूच ठेव." झालं! अठ्ठावीस वर्षं पुसतोय.

आता पावसाळ्यात होतं काय, बाहेर गार, वर टप ओला, आणि आत आम्ही नवरा-बायको श्वास घेणार. घेणारच ना? श्वास काय घरी ठेवून येणार? की लगेच काच आतून पांढरी फटक! पुढे रस्ता आहे की दरी, काही कळायला मार्ग नाही. गेल्या वर्षी गणपतीला कणकवलीला निघालो, परशुराम घाटात हीच तऱ्हा. मी एका हाताने स्टिअरिंग धरलंय, दुसऱ्या हाताने फडकं मारतोय, जानकी, म्हणजे आमची ही, देवाचं नाव घेतेय... आणि मला कुणीतरी सांगितलेलं, कापलेला बटाटा काचेवर घासला की वाफ धरत नाही. घासला! वाफ तर धरलीच, वर बटाट्याचा चीक! समोरून येणारा ट्रक मला भज्यासारखा दिसत होता हो!

गावी पोचल्यावर जानकी उतरली आणि म्हणाली, "अहो, ही गाडी विका. यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही." आणि तिचा भाऊ सुशांत, मुलुंडला राहतो, त्याने दोन दिवसांत गिऱ्हाईक उभं केलं! कुणी मिथुन म्हणून, लग्नाआधीचे ते फोटो काढतात ना, नवरा-नवरी गाडीवर टेकलेली, त्यासाठी गाड्या भाड्याने देतो. म्हणतो, "काका, लगेच घेतो, फक्त रंग बदलीन. गुलाबी."

गुलाबी!

मी जानकीला म्हटलं, एक संधी दे. काच साफ करून दाखवतो. ती म्हणाली, "ठीक आहे. जुलैत श्रुतिकाचा साखरपुडा आहे." श्रुतिका म्हणजे सुशांतची मुलगी. "भर पावसात मुलुंडपर्यंत काच साफ राहिली तर गणपतीला यातून येईन. नाही राहिली, तर मिथुन तिथे असेलच. चावी तिथल्या तिथे द्यायची." शब्द म्हणजे शब्द!

आता तुम्ही म्हणाल, एसी लावायचा. अहो, इंजिन केवढंसं, एसी लावला तर चढावर आम्हीच उतरून ढकलायची. त्यापेक्षा हीटर! इंजिनातलं गरम पाणी एका डब्यातून फिरतं, त्यावरून पंखा वारा मारतो, तो वारा काचेच्या तळाशी निघतो, की वाफ गायब. साधं आहे. आता नवा, जोरदार पंख्याचा संच विलायतेतच मिळतो, म्हणून तिकडच्या माणसाला फोन लावला. फार सज्जन माणूस. विचारतो, "तुमच्याकडे किती थंडी पडते?" मी म्हटलं, "फार पडली तर अठरा." तो हळहळला हो! म्हणाला, "उणे अठरा? बाप रे!" मी म्हटलं, "उणे नाही, नुसते अठरा." ...मग फोनवर इतकी शांतता, इतकी शांतता, की मला वाटलं लाइन कटली. त्याच्या मनातलं मला ऐकू आलं. 'मुंबईत हीटर?' अरे बाबा, काचेला हवाय, काचेला!

संच आला. तो घेऊन भांडुपला धाकू मेस्त्रीकडे गेलो. धाकू आमच्या गावचा, हात सोन्याचा. गाडी आली तेव्हा जुना हीटर यानेच काढून टाकलेला, त्याच्या पंख्याची मोटर आजही भांडुपला धाकूच्या घरच्या गणपतीमागचं चक्र फिरवते! खोकं उघडून बघितलंन आणि म्हणाला, "सहदेवा, मुंबैत हीटर? डोक्यार पडलंस काय रे?" मी म्हटलं, बसव. तर म्हणतो, "चाळीस वर्सां मी हीटर काडूचाच काम केलंय. बसवूचो कसो, ता माका कोणी शिकवल्यानच नाय!" पण बसवलान. आठ दिवस लागले, दोन नळ्या उरल्या. मी विचारलं, या कशाच्या? म्हणाला, "जास्तीच्यो दिल्यानी." विलायतेतला माणूस जास्तीचं देतो? पण म्हटलं असेल, आपल्याला काय करायचंय.

साखरपुड्याचा दिवस. पाऊस असा, की विचारू नका. जानकीने मोतिया रंगाची सिल्कची साडी नेसलेली, केसांत गजरा, मांडीवर स्वतः सजवलेला साखरेचा पुडा, आत्या ना ती मुलीची! निघालो. हायवे सोडून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागलो आणि सगळं जाम. इंच नाही हलत. आणि काच... सुरू! आधी कडा, मग मधला भाग. जानकीने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी बटण एक नंबरवर टाकलं. घूंऽऽ... आणि तुम्हाला सांगतो, काचेच्या तळाशी आधी नखाएवढं, मग पुरीएवढं, मग थेट ताटाएवढं स्वच्छ! जानकी म्हणाली, "अरे वा!" अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा या गाडीबद्दल 'अरे वा'! आता माणसाने तिथे थांबावं की नाही? एक नंबरवर समाधान मानावं की नाही? मी पडलो उतावळा, मी दोन नंबर दाबला.

खळखळखळ... फडफडफड... फस्सऽऽऽ!

कुंकू हो! हळद! तांदूळ! वाळलेला झेंडू, उदबत्तीची थोटकं, आपट्याची पानं, अठ्ठावीस दसऱ्यांचं सोनं एका दमात बाहेर! चष्म्यावर तांदूळ ताडताड बसले, जानकीचं तोंड लाल, साडी पिवळी, गजऱ्यात झेंडूच्या पाकळ्या, आणि ती शिंकतेय, एक, दोन, सात! शेजारच्या रिक्षावाल्याने आत बघून चक्क हात जोडले!

हे आत आलं कुठून? तर काचेखाली बाहेरून एक जाळी असते, तिथून पंखा हवा ओढतो. मी ओरडलो, "हे इथे कुणी टाकलं?" जानकी शिंक आवरून म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं! पहिल्या दसऱ्याला मी बॉनेटवर कुंकू लावायला गेले, तर हात धरलात. 'रंगावर डाग पडेल, ही जाळी आहे ना, इथे वाहा.' अठ्ठावीस वर्षं तिथेच वाहतेय!"

...खरं होतं.

तरी धाकूला फोन लावला. "अरे, जाळीखालची नळी साफ नाही करायचीस?" तर शांतपणे म्हणतो, "भितूर हळद-कुकू दिसला माका. फुला, तांदूळ. देवाचा काम ता. मी कित्याक हात लावू?"

पोचलो मुलुंडला. काच स्वच्छ, आम्ही दोघं जेजुरीहून आल्यासारखे. नवऱ्या मुलाची आई दारातच म्हणाली, "अगंबाई, आत्याबाई अक्षता लावूनच आल्या!" सुशांत पोट धरून हसतोय. आणि तो मिथुन, तो धावत गाडीपाशी! "काका, बटण दाबलं की फुलं उडतात? कसली भारी आयडिया! मी आत्ता घेतो, आत्ता!"

खोटं कशाला बोलू? काच साफ राहिली होती, पैज मी जिंकलो होतो, पण जानकीच्या साडीकडे बघून तसं म्हणायची हिंमत कुणाला होणार? साहेब गेले, नोकरी संपली, आमची निधी लग्न होऊन बंगळुरूला. रविवारी सकाळी फडकं घेऊन खाली उतरायला ही एक गाडी उरली होती. ती गुलाबी होऊन जाणार! मी नुसती खिशातली चावी चाचपत उभा राहिलो.

जानकीने पदराने तोंड पुसलं. मिथुनला म्हणाली, "विकायची नाही." मग माझ्याकडे वळली, "अठ्ठावीस वर्षं मी वाहिलेला एक तांदूळ हिने टाकला नाही, सगळे जपून ठेवले. लग्नाआधी मी तुम्हाला चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. त्यातली एक तरी जपलीत?"

...तुम्ही माझ्याकडे नका बघू असं. घर बदलताना गेल्या असतील.

आणि मग हात पुढे केलान. "चावी द्या." मी म्हटलं, "कशाला?" म्हणाली, "गाडी राहणार. पण यापुढे चालवणार मी." अहो, जानकी दहा वर्षं स्वतःची व्हॅन चालवते, जेवणाचे डबे पोचवते, चारकोपच्या गल्लीत रिव्हर्स घेते तर बघत राहावं! पण या गाडीच्या स्टिअरिंगला मी कधी बोट लावू दिलं नव्हतं. दिली चावी. करतो काय?

तेव्हापासून मी डावीकडे. आणि डावीकडे बसल्यावर मला कळलं, त्या दोन नळ्या कशाच्या होत्या! त्या लावल्या असत्या तर सगळा गरम वारा काचेकडे गेला असता. आता काचेकडे जेवढा जातो, त्याच्या दुप्पट डाव्या सीटखाली आणि बसणाऱ्याच्या पायांवर येतो, आणि तो बंदच होत नाही! म्हणून तर मला बसवत नाही! धाकूला विचारलं तर म्हणतो, "मगे बर्फ घेऊन बस." परवा गणपतीला निघतोय, कणकवलीपर्यंत बारा तास. काल वॉचमनने बघितलं, मी लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून, मांडीवर पंचा टाकून, घामाने निथळत बसलोय. "साब, मुंबई में..." मी म्हटलं, गप रे! काचेला हवाय!

आणि आहे हो, तक्रार नाही. काच लख्ख आहे, बायको खूश आहे, गाडी वाचली. नवरा तेवढा शिजतोय.