चाळीस घरची कुत्री

—छे हो मॅडम, पळून कशाला जाईन? ही पिशवी हॉस्पिटलसाठी आहे – टॉवेल, थर्मास, हिचा चष्मा – उघडून बघा हवं तर. आमच्या हिच्या लिव्हरमध्ये गाठ निघालीये, मोसंबीएवढी, पाण्यानं भरलेली, आज अकराला सुई घालून ते पाणी काढणारेत तपासायला. कॅन्सर तर नाही ना, एवढंच कळू दे म्हणतो, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. तोवर विचारा काय विचारायचं ते. पण आधी मला सांगा, तुम्हाला पाठवलं कुणी? इथल्या साहेबांनी, की परस्पर परदेशातून? नाही, चार वर्षं झाली या प्रकल्पाला, तीन देशांच्या प्रयोगशाळा त्यात, कुणी कधी फिरकलं नाही – आणि आज मी रजेचा अर्ज ठेवून निघतोय, नेमक्या तुम्ही फाइल घेऊन दारात! योगायोग म्हणता? असेल बुवा.

माझं काम ना? गुरांच्या दवाखान्यातला साधा शिपाई मी. दर तीन महिन्यांनी चाळीस घरी जायचं, त्या त्या घरच्या कुत्र्याची शी चमच्यानं बाटलीत भरायची, घराच्या नंबराची चिठ्ठी डकवायची आणि बाटल्या त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. कुत्र्याच्या पोटातले पट्टकृमी, म्हणजे ते चपटे जंत, शोधायला. माहितीये मला, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय – जेवण झकास होतं. पण मी म्हणतो, कुत्र्याची शी बर्फात घालून विमानानं नेतात मॅडम! इथं गाय आडवी पडली तरी डॉक्टर दोन दिवस यायचा नाही, आणि सातासमुद्रापलीकडच्या माणसांना आमच्या कुत्र्यांचा एवढा कळवळा? फुकट करतं का कुणी काही? काहीतरी पाणी मुरतंय, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. म्हणून काय, जात नाही असं नाही. जातो की घरोघरी.

काय? सगळ्या बाटल्यांत एकच कुत्रं? शीवरून कुत्रं ओळखू येतं? अहो, एका वस्तीतली कुत्री, सगळी एकमेकांची चुलत-मावस – सारखी निघणारच ती! …नाही? सख्खी भावंडंसुद्धा वेगळी कळतात? तिन्ही देशांत तेच निघालं?

बरं. खोटं नाही बोलत, पहिल्यांदा गेलो होतो. तिसऱ्याच घरी, त्या टेलरच्या कुत्र्यानं पोटरीचा लचका तोडला – हा बघा वण – वर टेलर मलाच विचारतो, आमची घाण नेऊन विकता कुठं? मग म्हटलं, मरू दे, शी ती शी. घरी मॅनेजर आहेच. मॅनेजर म्हणजे आमचं कुत्रं, रुबाब आहे तसा त्याचा. त्याचीच भरली चाळीस बाटल्यांत. पुढेही त्याचीच. लिहा, लिहून घ्या, काढून टाका मला नोकरीवरून! त्यासाठीच आलात ना?

नोकरीचं राहू दे? मग? …मॅनेजर खातो काय? हा काय प्रश्न झाला? कत्तलखान्यात माझा दोस्त आहे, फोड आलेली लिव्हर टाकून द्यायची असतात ना, ती तो देतो, मी नेतो. कच्चीच. तुकतुकीत झालाय गडी. आम्हाला मूलबाळ नाही, ही त्याला पोटच्या पोरासारखं करते – तिच्याच उशाशी झोपतो, तोंड काय चाटतो, रागावून सोय नाही.

असं बघू नका हो माझ्याकडे. …सगळ्या बाटल्यांत कृमीची अंडी? म्हणजे मॅनेजरच्या पोटात? त्या लिव्हरच्या फोडांतून? पण त्याला तर काहीच – कुत्र्याला होत नाही म्हणता? माणसाला होतं. लिव्हरमध्ये. पाण्याची गाठ. …शिकवलं असेल हो प्रशिक्षणात, जेवणानंतर माझा डोळा लागला होता.

थांबा, म्हणजे कॅन्सर नाही? जंताचीच गाठ ती? अहो, मग चांगलंच झालं की! रडायला लावलंत तुम्ही मला! …सुई? हो, आज अकराला. का? सुईनं काय होतं? …ते पाणी आत सांडलं तर – टेबलावरच जीव जातो?

पण त्यांना माहीत नाही! परवा विचारलं होतं त्या डॉक्टरांनी, घरात कुत्रं आहे का. मला वाटलं, आली प्रकल्पाची माणसं माग काढत इथवर, हॉस्पिटलवालेही यांना सामील. छातीठोक सांगितलं, नाही, कधीच नव्हतं. ही बोलायला लागली तर तिच्यावर डोळे वटारले मी. गप्प बसली बिचारी. त्यांनी लिहून घेतलं.

फोन – कुठंय माझा फोन – मेव्हणी आहे तिच्यापाशी – उचल ना गं, उचल – तुम्ही बोला मॅडम, तुमचं ऐकतील, सांगा कुत्रं आहे, नवरा खोटारडा आहे म्हणावं – हां, हॅलो! अगं, डॉक्टरांना थांबव, सुई घालू देऊ नकोस, काही झालं तरी – काय?

आत नेलं? कधी? अगं, अकरा कुठं वाजलेत अजून?