राधक्कांची बॅटरी

मंडळी, चामराजपेटेतली आपापली दुकानं अर्ध्यावर शटर ओढून तुम्ही इथे आलात. अण्णांबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. ते फार अवघड आहे. पण मधेच माझ्या आवाजात आनंद ऐकू आला तर रागावू नका. तो का, ते सांगतोच.

अण्णा म्हणजे आपले व्यंकण्णा, माझ्या कापडदुकानाचे शेजारी. कचेरीतून निवृत्त झाले नि जुन्या बॅटऱ्यांच्या मागे लागले. हातात धरायच्या, पितळी, आजोबांच्या वेळच्या. पिवळा बल्ब काढायचा, एलईडी बसवायची. इथे कुणाकुणाच्या घरी अण्णांनी केलेली बॅटरी आहे? हात वर करा. बघा, राधक्का, किती हात!

मलाही शिकवायचे. "जुना बल्ब भोळा रे, सेल कसेही घाल, पेटतो. एलईडी मानी. तिला सुलटंच लागतं." मी घाईने तारेला कथलाचा डाग द्यायला गेलो की, "स्वल्प थांब." दिवसातून दहा वेळा, ‘जरा’च्या जागी कानडी ‘स्वल्प’ घालून, "स्वल्प थांब."

आणि एक शिस्त. काम झालं की शेवटचा सेल उलटा घालून ठेवायचे. चुकून बटण दाबलं गेलं तरी सेल फुकट जाऊ नयेत म्हणून. बॅटरी न्यायला आलेल्या माणसाकडूनच तो सुलटा करवून घ्यायचे.

पण स्वतःच्या बायकोची, राधक्कांनी माहेराहून आणलेली वडिलांची बॅटरी? ती कायम मागे. "सगळ्या पेटेची करता, माझीच तेवढी राहते," अक्का म्हणायच्या. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "करतो गं."

अण्णा गेले. काल अक्कांनी ती बॅटरी खणातून काढली, बटण दाबलं. काही नाही. "राहिलीच बघ माझी," मला म्हणाल्या. रडल्या नाहीत. नुसतं बटण दाबत राहिल्या.

खरं सांगू? मला अण्णांचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग! म्हटलं, मीच करून देतो. पुढची काच काढली. मंडळी, आत एलईडी! डाग इतका सुबक, की हात कुणाचा ते विचारायलाच नको. मग पेटत का नाही? तार दोनदा तपासली. आणि एकदम आठवलं. इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिलं, तेच विसरलो होतो! मागचं झाकण काढलं.

शेवटचा सेल उलटा!

केव्हाच करून ठेवली होती हो! हातात द्यायची तेवढी राहिली. सेल फिरवला, बटण दाबलं, पांढराशुभ्र झोत थेट देव्हाऱ्यावर! मी ओरडलो. सुतकाच्या घरात आनंदाने ओरडलो. अक्का म्हणाल्या, "सांगायचं तरी." आणि मग रडल्या.

ती बॅटरी इथे आणली आहे. शेवटचा सेल मी पुन्हा उलटा घातलाय. अण्णांच्या शिस्तीप्रमाणे तो आता राधक्का सुलटा करतील. ते दिवे जरा बंद करा. उभे राहू या. अक्का मागचं झाकण फिरवताहेत, वेळ लागेल. ती पेटेपर्यंत कुणी बोलू नका, कुणी मदतीला धावू नका.

मंडळी, स्वल्प थांबा.