रामभाऊंचा जड घोडा

घोडा म्हटलं की मला रामभाऊ आठवतात. आकुर्डीच्या जत्रेत ते फुगे फोडायची बंदूक लावायचे. मी स्प्रिंगांच्या कारखान्यात नवीन होतो, तेव्हा ते येऊन म्हणाले, “भावा, घोडा लई जड झालाय. हलका करून दे.”

मी चाचरत म्हणालो, “जनावरांचा दवाखाना पलीकडे आहे.”

त्यांनी पिशवीतून बंदूक काढून चापावर बोट ठेवलं. “ह्यो घोडा! बायका-पोरांना दाबवत न्हाई. गिऱ्हाईक परत जातंय, पोट कसं भरू?”

मी मऊ स्प्रिंग बसवली. संध्याकाळी बघायला गेलो, तर रांग लागलेली आणि ज्याचा त्याचा नेम लागत होता. रामभाऊ घामाघूम.

“गिऱ्हाईक हाय, पण फुगवलेलं फुगं उरलं न्हाईत! घोडा हलका केलास न्हवं? आता फुगव.”

जत्रा उठेपर्यंत फुगवत बसलो. सकाळी कामावर मुकादमानं विचारलं, “दाढ सुजली का रे?”