गारठलेला ऑर्गन

दुसऱ्या दिवशी आईच्या अंत्यविधीत वाजवायची बासरी मांडीवर घेऊन योके नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडच्या गारठलेल्या चर्चमध्ये बसली होती. वर सज्जात नळ्यांच्या ऑर्गनचे सूर जुळवणारा हर्मेन चर्च सांभाळणाऱ्या डाऊवेवर खेकसत होता.

"हीटर लाव! उद्या ऊब असणार, सूरही उबेतच जुळवायला हवेत."

"ऑर्गनला थंडी वाजते होय?"

"अरे बाबा, नळीची लांबी तीच, म्हणून लाटेची लांबी तीच. उबेत आवाज जोरात धावतो, सेकंदाला लाटा जास्त होतात आणि सूर चढतो! पोरीची बासरी तिथवर पोचायची नाही."

"मग नळ्या लांब कर."

"आणि परवा गारठा पडला की कापू?"

"रिकाम्या बाकांसाठी मी हीटर लावत नाही."

"खाली बघ की!"

डाऊवे कठड्यावरून वाकला. "पोरी, तुझ्या आईनं जन्मभर इथं कोट घालूनच ऑर्गनचा सराव केला."

"हो, डाऊवेकाका. आणि दर वेळी घरी येऊन तुम्हाला शिव्या घातल्या."

थोड्या वेळानं हीटर घरघरू लागला.